स्केल मॉडेल कारसाठी रंग आणि प्रायमर: निवड शेवटच्या थरापासून सुरू करा

मॉडेल कार रंगवायची म्हटलं की हात आधी शेडच्या डबीकडे जातो. लाल आवडला, लाल घेतला. हाताशी असलेला प्रायमर खाली मारला. शेवटी चमक कमी वाटली म्हणून वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर, फवारला, आणि नेमका तिथे रंग सुरकुतला किंवा डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) विरघळली. यात शेडची चूक नसते. थर एकमेकांना मानवलेले नसतात. म्हणून निवड मागून पुढे करावी: आधी शेवटचा थर, मग त्याला चालणारा रंग, मग त्या रंगाला चालणारा प्रायमर. प्रत्यक्ष काम अर्थातच याच्या उलट क्रमाने होतं.

दुसरा हिशोब जाडीचा. अस्सल गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण ०.१ ते ०.१५ मिमी भरतात. तेवढीच जाडी १/२४ मापाच्या बॉडीवर चढली, तर मूळ मापात ती अडीच ते साडेतीन मिमी होते. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यातली फट ४ मिमी धरली, तर १/२४ मध्ये ती जेमतेम ०.१७ मिमी उरते. किटमध्ये ही रेघ थोडी रुंद ठेवलेली असते, तरी दोन्ही कडांवर ०.१ मिमी रंग बसला की ती बुजत जाते. त्यामुळे कमी थरात झाकणारा आणि सुकल्यावर आकसून पातळ बसणारा रंग मॉडेल कारला जास्त शोभतो. त्याच कारणाने प्रायमरच्या आधी प्रत्येक पॅनेल लाइनीतून (अशा फटींच्या कोरीव रेघेतून) स्क्राइबर, म्हणजे रेघ कोरायचं टोकदार हत्यार, दोन-तीनदा अगदी हलक्या हाताने फिरवून ती खोल करून घ्यावी. रंग चढल्यावर हे करता येत नाही.

रंगांची चार घराणी

बाजारातल्या नावांचा गोंधळ मोठा आहे, पण बॉडीच्या कामापुरती चार घराणी ओळखता आली की पुरतं.

पहिलं लॅकर. टामियाचे टीएस स्प्रे आणि १० मिलीच्या एलपी बाटल्या, जीएसआय क्रेऑसचे मिस्टर कलर, अल्क्लॅडचे धातूचे रंग, आणि झीरो पेंट्स किंवा ग्रॅव्हिटी यांचे खऱ्या गाड्यांच्या कोडनुसार बनवलेले रंग या घराण्यातले. थिनर (रंग पातळ करायचा द्रव) जहाल असतो, त्यामुळे रंग खालच्या थरात थोडा मुरतो आणि घट्ट धरतो. सुकतो झटपट, आकसतो चांगला, घासून पॉलिश होतो. वास आणि वाफ मात्र तितकीच तीव्र. बॉडीसाठी लॅकरच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. बाकीच्या घराण्यांनी बॉडी रंगत नाही असं नाही, पण चुकीला वाव जास्त राहतो.

दुसरं अल्कोहोलवर आधारलेलं अ‍ॅक्रिलिक: टामियाचे एक्स आणि एक्सएफ, मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्विअस. हे टामियाच्या एक्स-२०ए थिनरने पातळ होतात आणि लॅकर थिनरनेही होतात. लॅकर थिनरने पातळ केले तर एअरब्रशमधून (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणाऱ्या पेनातून) बरेच सपाट बसतात. आतली सजावट, चासी, इंजिन यांना उत्तम.

तिसरं खरं पाण्याचं अ‍ॅक्रिलिक. वायेहोचे मॉडेल कलर आणि मॉडेल एअर ही ओळखीची नावं. ब्रशकामाला यांच्यासारखे रंग नाहीत. पण वरचा थर रबरी राहतो. घासायला गेलं की कागदाखाली गोळा होतो आणि कडेपासून सालीसारखा निघतो. तुकतुकीत बॉडीसाठी हे टाळावेत. यांत अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घातला तर रंग कपातच फाटतो आणि गुठळ्या एअरब्रशमध्ये अडकतात.

चौथं इनॅमल: हम्ब्रॉल, टामियाच्या इनॅमल बाटल्या. सपाट पसरतात, चमकही छान, पण पूर्ण वाळायला आठवडा आणि कधी त्याहून जास्त लागतो, आणि तोवर प्रत्येक धूलिकण त्यांच्यावर येऊन बसतो. आज मॉडेल कारमध्ये इनॅमलचं खरं काम पॅनेल लाइनीत सोडायच्या वॉशचं, म्हणजे रेघ उठावदार करणाऱ्या अगदी पातळ रंगाचं.

खरेदी करताना दोन घोटाळे नेहमी होतात. टामियाचा एक्स-२० हा इनॅमलचा थिनर आणि एक्स-२०ए हा अ‍ॅक्रिलिकचा. एका अक्षराच्या फरकाने अख्खी बाटली वाया जाते. आणि टीएस व पीएस हे स्प्रे शेजारीशेजारी ठेवलेले असतात. पीएस हे रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत, ते आतल्या बाजूने मारायचे. किटच्या पॉलिस्टायरीनवर पीएस मारू नका.

कशावर काय चालतं

नियम एकच लक्षात ठेवायचा: जहाल रंग खाली, मवाळ रंग वर. लॅकरवर अ‍ॅक्रिलिक चालतो, लॅकरवर इनॅमल चालतो. इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर फुगतो, उचलतो आणि सुरकुत्या पडतात. मग तो काढून टाकण्यावाचून इलाज नाही. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकवर लॅकर क्लिअर मारायचा प्रसंग आलाच, तर फक्त कोरडे, भुरभुरते हात देता येतात. ओला हात पडला की तडे जातात.

गाड्यांच्या गॅरेजमधला रंग किटवर वापरणारे बरेच आहेत आणि निकाल सुंदर येऊ शकतो. त्याचा थिनर मात्र मॉडेलच्या लॅकरहूनही जहाल असतो. उघड्या पॉलिस्टायरीनवर तो पडला की पृष्ठभागावर बारीक जाळी उमटते, कारण थिनरने प्लास्टिकच विरघळायला घेतलेलं असतं. झीरो पेंट्ससारख्या रंगांनाही खाली सलग प्रायमर लागतोच. नंबर प्लेटची चौकट, वायपरच्या खाचा, चाकाच्या कमानीच्या कडा, म्हणजे प्रायमर जिथे पातळ बसतो, तिथेच ही जाळी आधी दिसते.

शेवटचा थर ठरवा

साधा, एकरंगी, डीकल नसलेला रंग हवा असेल, उदाहरणार्थ टीएस-८ इटालियन रेड किंवा टीएस-२६ प्युअर व्हाइट, तर क्लिअरची सक्ती नाही. हे रंग स्वतःच चमकतात आणि वाळल्यावर थेट पॉलिश होतात. रंगाचे पुरेसे हात असले पाहिजेत एवढंच. पॉलिश करताना थोडा रंग निघतो.

मेटॅलिक किंवा पर्लला क्लिअर हवाच. या रंगात धातूचे किंवा अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात. वरून घासलं की ते कापले जातात आणि तिथे ढगाळ डाग पडतो. म्हणून मेटॅलिक रंगावर कागद लावायचा नाही. वर क्लिअर चढवून त्यालाच घासायचं. पापुद्र्याचा आकारही पाहावा. १० मायक्रॉनचा कण १/२४ वर पाहिला की डोळ्याला तो मूळ गाडीवरच्या २४० मायक्रॉनच्या कणासारखा दिसतो. गॅरेजमधला जाड दाण्याचा मेटॅलिक छोट्या बॉडीवर चमचमणाऱ्या वाळूसारखा वाटतो तो यामुळे. मॉडेलसाठी मुद्दाम बारीक दाण्याचा बनवलेला घ्या.

डीकल असतील, म्हणजे रेसिंग गाडी असेल, तरीही क्लिअर हवा. नाहीतर डीकलची कड कायम दिसत राहते.

काही शेड तीन थरांच्या असतात. माझ्दाचा सोल रेड क्रिस्टल, कोड ४६व्ही, हे ठळक उदाहरण: खाली प्रकाश परतवणारा थर, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर. इथे पारदर्शक लालाचा प्रत्येक हात शेड गडद करतो. दाराला तीन हात आणि बॉनेटला चार पडले तर ते दोन वेगळ्या गाड्यांचे भाग वाटतात. बॉडी, बॉनेट, आरसे, बंपर एकाच वेळी, गाडीवर बसतील त्याच कोनात उभे करून, हात मोजत रंगवावेत. कोनाची बाब मेटॅलिकलाही लागू आहे, कारण पापुद्रे कोणत्या दिशेने पडतात त्यावर शेड बदलते.

ठरावीक गाडीची हुबेहूब शेड हवी असेल तर नावापेक्षा कारखान्याचा कोड शोधा. निसानचा बेसाइड ब्लू म्हणजे टीव्ही२, सुबारूचा डब्ल्यूआर ब्लू मायका म्हणजे ०२सी, होंडाचा चॅम्पियनशिप व्हाइट म्हणजे एनएच०. कोडवरून बनवलेले रंग बहुधा आधीच पातळ केलेले मिळतात आणि मंद, अर्धवट चमकीचे सुकतात. चमक क्लिअर आणतो.

आता क्लिअर कोणता? एकघटकी लॅकरमध्ये टामियाचा टीएस-१३, एलपी-९ आणि मिस्टर कलरचा जीएक्स१०० हे भरवशाचे. दुसरा पर्याय टूके, म्हणजे हार्डनर मिसळायचा युरेथेन क्लिअर. हा दोन-तीन हातांत काचेसारखा होतो, पेट्रोल-थिनरला दाद देत नाही, आणि वर इनॅमल वॉश निर्धास्त सोडता येतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ फुफ्फुसांना कायमची अ‍ॅलर्जी लावू शकते आणि वासावरून धोका कळत नाही. नीट बसणारा योग्य मास्क, हातमोजे, डोळ्यांना संरक्षण आणि धूर बाहेर फेकणारा पंखा, ही तयारी नसेल तर टूके घेऊच नका. साध्या लॅकर क्लिअरवरही चांगलं पॉलिश होतं. लॅकरसाठीसुद्धा सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

प्रायमर

प्रायमरकडून तीन कामं हवी असतात: रंगाला पकड देणं, खालच्या प्लास्टिकला जहाल थिनरपासून वाचवणं, आणि सगळी बॉडी एका रंगाची करून चरे, खड्डे, सांधे उघडे पाडणं. तिसरं काम सगळ्यात मोलाचं. रंगीत प्लास्टिकवर न दिसणारा चरा राखाडी प्रायमरवर लगेच दिसतो.

क्रेऑसच्या मिस्टर सरफेसर या प्रायमरवरचा आकडा दाण्याचा बारीकपणा सांगतो. ५०० हा जवळजवळ पातळ लांबीसारखा (खड्डे-फटी भरायच्या पुट्टीसारखा), ब्रशने सांध्यात भरायचा. १००० बारीक चरे भरतो. १२०० मधला. १५०० सर्वांत बारीक, तुकतुकीत बॉडीसाठी हाच. जिथे लांबी लावून घासलं आहे तिथे आधी १००० चा एक हात, तो १००० नंबरच्या कागदाने सपाट, मग सगळ्या बॉडीवर १५००, हा क्रम चांगला बसतो. स्प्रे कॅन वापरायचा असेल तर टामियाचा फाइन सरफेस प्रायमर घ्या. तो राखाडी, पांढरा, गुलाबी आणि ऑक्साइड लाल अशा रंगांत येतो.

प्रायमरचा रंग हा वरच्या शेडचा भाग धरूनच निवडावा. पिवळा, केशरी आणि चटक लाल हे रंग कमी झाकतात; राखाडीवर ते मळके दिसतात आणि ते झाकायला चार हात जास्त लागतात, म्हणजे पुन्हा जाडी. त्यांच्याखाली पांढरा किंवा गुलाबी घ्या. गुलाबीवर लाल उबदार आणि भरीव दिसतो, पिवळ्याच्या कडाही फिक्या पडत नाहीत. फ्लुओरेसंट शेडला शुद्ध पांढराच लागतो. गडद लालाला ऑक्साइड लाल चालतो. निळा, हिरवा, चांदी, काळा यांना राखाडी पुरे. क्रोमसारखा चमकणारा धातुरंग मारायचा असेल तर प्रायमरवर चकचकीत काळा देऊन तो पूर्ण सुकू द्यावा. धातूची झळाळी त्या काळ्याच्या सपाटीवर अवलंबून असते.

धातूचे भाग, फोटो-एच पट्ट्या (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) आणि डायकास्ट बॉडी यांना साधा प्रायमर कडेपासून सुटतो. आधी मेटल प्रायमरचा एक पातळ हात, मग सरफेसर. रेझिन बॉडीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल बरंच राहतं. भांड्याच्या साबणात भिजवून जुन्या टूथब्रशने दोनदा घासा, मग ४०० ते ६०० नंबरच्या कागदाने पृष्ठभाग खरखरीत करा. थ्री-डी प्रिंट रेझिन अतिनील प्रकाशात पूर्ण पक्कं झालेलं असावं; अर्धकच्च्या रेझिनवर प्रायमर आठवडाभरही चिकटच राहतो.

लाल, मरून, गडद निळ्या प्लास्टिकच्या किटमध्ये आणखी एक अडचण येते. प्लास्टिकमधला रंग थिनरमुळे वर झिरपतो आणि आठ दिवसांनी पांढरी गाडी गुलाबी होते. प्रायमर हे अडवतोच असं नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला प्रायमर आणि पांढऱ्याचा एकेक ओला हात देऊन दोन दिवस थांबा. गुलाबी छटा आली तर प्रायमरवर चांदीच्या लॅकरचे दोन हात द्या. त्यातले पापुद्रे एकमेकांवर आडवे बसतात आणि झिरपणारा रंग अडतो. त्यावर पुन्हा पांढरा प्रायमर.

पाण्याचे पॉलियुरेथेन प्रायमर वास कमी म्हणून आकर्षक वाटतात, पण त्यांपैकी बरेच नीट घासले जात नाहीत, मास्किंग टेपबरोबर निघतात, आणि वर जहाल लॅकर आला तर भरवसा नाही. बॉडीखाली ते वापरू नयेत.

आधी चमच्यावर

बॉडीवर नवा जोड वापरण्यापूर्वी तो पूर्णच्या पूर्ण, प्रायमर, रंग, डीकलचा तुकडा, क्लिअर, प्लास्टिकच्या चमच्यावर उतरवा. चमच्याचा बाक मडगार्डच्या बाकासारखाच असल्याने ओघळ आणि मेटॅलिकची दिशा दोन्ही कळतात. चमचा पॉलिस्टायरीनचाच हवा; त्रिकोणातला ६ आकडा किंवा पीएस ही खूण पाहा. पॉलिप्रॉपिलीनच्या चमच्यावर काहीच धरत नाही आणि दोष विनाकारण प्रायमरला लागतो. चमच्याच्या दांड्यावर प्रायमर, रंग, थिनरचं प्रमाण आणि तारीख लिहून ठेवा. अशी दहा-पंधरा चमच्यांची माळ कंपन्यांच्या रंगपत्रकापेक्षा कितीतरी खरी असते.

बॉडी रंगवण्याचा क्रम

१. साच्याच्या रेघा ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने काढा. बॉडी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, आणि यानंतर हातमोजे घालूनच हाताळा. बोटाच्या तेलाचा ठसा रंगाखालून वर येतो.

२. बॉडी आतून टेपने धारकावर पक्की बसवा, म्हणजे ती हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवता येईल.

३. प्रायमर. एअरब्रशसाठी सरफेसर १५०० एक भाग, मिस्टर लेव्हलिंग थिनर एक ते दीड भाग, ०.३ ते ०.५ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब. आधी कडा, खाचा, दाराच्या चौकटी, मग सपाट भाग. दोन ते तीन पातळ हात, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबून. आतली पॅनेल लाइन बुजत नाही ना, हे प्रत्येक हातानंतर पाहा.

४. एक रात्र थांबा. मग २००० नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलका फिरवा. इथे प्रायमर काढायचा नसतो, दाणा मोडायचा असतो. प्लास्टिक दिसू लागलं तर त्या जागेवर पुन्हा प्रायमर. प्रायमरचा खरखरीतपणा रंगाने झाकला जात नाही, रंग चढल्यावर तो वाढतोच.

५. रंग. मिस्टर कलर किंवा एलपी एक भाग, थिनर एक ते दीड भाग. पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील इतका. त्यावर पुढचा रंग धरतो. दहा मिनिटांनी दुसरा, मध्यम. मग पंधरा ते वीस मिनिटांच्या अंतराने एक-दोन ओले हात, ज्यात पृष्ठभाग क्षणभर आरशासारखा दिसतो. १/२४ च्या एका बॉडीला पातळ केलेला रंग साधारण १५ ते २० मिली लागतो. संपूर्ण रंग एकदाच मिसळून ठेवा. मध्येच नवं मिश्रण केलं तर शेड जुळत नाही.

६. कॅन वापरत असाल तर तो आधी साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि दोन मिनिटं हलवा. दाब वाढतो आणि थेंब बारीक पडतात. उकळतं पाणी किंवा ज्योत जवळही आणू नका. अंतर २० ते २५ सेंमी. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा, कारण कॅन सुरू आणि बंद होताना जाड थेंब उडतात.

७. डीकल लावल्या असतील तर किमान चोवीस तास वाळू द्या आणि सॉफ्टनरचे (डीकल मऊ करणाऱ्या द्रवाचे) डाग ओल्या कापडाने पुसून घ्या.

८. क्लिअर. टीएस-१३ जहाल आहे. डीकलवर पहिलाच ओला हात पडला तर ती सुरकुतते. दोन-तीन कोरडे, भुरभुरते हात वीस-वीस मिनिटांनी, मग अर्ध्या तासाच्या अंतराने दोन ओले हात.

कुठे बिघडतं

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर रंग सपाट व्हायच्या आत सुकतोय. अंतर कमी करा, थिनर वाढवा, किंवा सावकाश सुकणारा लेव्हलिंग थिनर घ्या. भर उन्हाळ्यात हे हमखास होतं. मेटॅलिकला मात्र उलट: तिथे फार सावकाश सुकणारा थिनर घेतला तर पापुद्रे वाहतात आणि पट्टे पडतात, म्हणून मेटॅलिकचे हात जरा कोरडेच ठेवावेत.

दुधाळ, पांढरट छटा म्हणजे हवेतली वाफ. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर दव धरतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरचं काम थांबवावं. छटा आलीच, तर कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा एक अगदी हलका हात दिल्याने बहुधा निघून जाते.

गोल, छोटे खड्डे पडले आणि रंग त्यांच्या कडेला सरकला, तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. त्यावर आणखी रंग ओतून खड्डे भरत नाहीत. वाळू द्या, घासा, धुवा, पुन्हा मारा. कॉम्प्रेसरला पाणी-तेल अडवणारा फिल्टर आहे का, तेही पाहा.

ओघळ आला तर हात लावायचा नाही. पूर्ण आठवडा वाळू द्या, मग कागदाचा छोटा तुकडा सपाट ठोकळ्यावर गुंडाळून फक्त ओघळाचा माथा उतरवा. ओल्या रंगात बोट घातलं की प्रायमरपर्यंत खड्डा जातो.

लांबी भरलेली जागा काही आठवड्यांनी पुन्हा उमटली तर लांबी पूर्ण आकसण्याआधीच घासली गेली. सॉल्व्हंटची लांबी पातळ थरांत लावून प्रत्येक थराला एक दिवस द्यावा. सांध्याला सुपरग्लू वापरला तर आकसण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त तो त्याच दिवशी घासावा. नंतर तो प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं.

सगळंच बिनसलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी रात्रभर बुडवा. अ‍ॅक्रिलिक निघतात, बरेचसे लॅकरही मऊ होऊन ब्रशने सुटतात. प्रायमर मागे राहिला तरी चालतं, तो घट्ट असेल तर त्यावरच घासून पुढे जाता येतं. लॅकर थिनरमध्ये बॉडी बुडवली तर बॉडीच जाते.

पॉलिश

लॅकर क्लिअर वरून तासाभरात सुकतो, पण आतला थिनर उडायला आठवडा लागतो. नाक जवळ नेऊन वास घ्या. वास येत असेल तोवर थांबा. घाईने पॉलिश केलेली बॉडी महिन्याभराने मंद दिसते, कारण थर नंतर आकसतो आणि खालचा दाणा वर येतो. बॉडी पूर्ण वाळल्यावर उंच कडांवर, म्हणजे मडगार्डचा ओठ, दाराची रेघ, बॉनेटची घडी, अरुंद टेप लावा. रंग आधी तिथेच फाटतो. सपाट भागावर ३००० ते ४००० नंबरचा स्पंज, साबणाच्या पाण्याने, एकाच दिशेत, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा जाईपर्यंत. मग ६०००, मग ८०००. टेप काढा आणि मऊ कापडावर टामियाचे कोर्स, फाइन, फिनिश हे कम्पाउंड क्रमाने. प्रत्येक पायरीला नवं कापड घ्यावं, जुन्या कापडातला एक जाड कण आधीचं सगळं काम बिघडवतो. फडक्यावर रंगाची छटा येऊ लागली तर क्लिअर संपत आलाय, तिथेच थांबा. कम्पाउंड पॅनेल लाइनीत अडकतो. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन काढा, मगच इनॅमल वॉश सोडा.

बॉडीखेरीज

चासी आणि खालची बाजू अर्धचमकीच्या काळ्यात: टीएस-२९ कॅन किंवा एक्स-१८. टायरवर शुद्ध काळा खोटा दिसतो. एक्सएफ-८५ रबर ब्लॅक घ्या. इंजिनच्या ओतीव भागांना एक्सएफ-१६ फ्लॅट अ‍ॅल्युमिनियम. मागच्या दिव्यांना एक्स-२७ क्लिअर रेड, इंडिकेटरला एक्स-२६ क्लिअर ऑरेंज, आणि दिव्याच्या आतल्या बाजूला चांदी, म्हणजे प्रकाश परततो. पारदर्शक भागांवर लॅकर मारू नका. खिडकीच्या काळ्या कडांनाही अ‍ॅक्रिलिकच, नाहीतर काचेत बारीक तडे दिसू लागतात.

किटमधले क्रोमचे भाग जसेच्या तसे खोटे वाटतात आणि त्यांवर साच्याची रेघही असते. साध्या ब्लीचमध्ये ते काही तासांत उतरतात; ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. खाली राहिलेला पिवळसर लॅकर अल्कोहोलने काढून, प्रायमर, चकचकीत काळा आणि वर धातुरंग असं नव्याने करा. खिडक्यांच्या बारीक पट्ट्यांना रंगाऐवजी बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागून चिकट असलेलं अतिपातळ धातूचं पान, बरं. ते पॉलिशनंतरच लावायचं. कापताना पातं नवं कोरं हवं, आणि दाब फॉइलपुरताच, खालच्या क्लिअरपर्यंत जाऊ द्यायचा नाही. लिक्विड क्रोमचा पेन वापरलात तर त्यावर क्लिअर फवारू नका, चमक लगेच राखाडी पडते.